बहात्तर झबल्यांची गोधडी

वाकडं कापलेलं कापड दिसलं की वसुधा देवधरला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. महाराष्ट्राबाहेर, बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये ती शिवणाचा वर्ग चालवायची, आणि वर्गातल्या मुलींना पहिला महिनाभर कापडाला हातच लावू देत नसे. जुनी वर्तमानपत्रं घ्या, सहा इंचांचा चौकोन कापा, चारी कोपरे जुळवून दाखवा, नाही जुळले तर पुन्हा कापा. मुली पाठीमागे तिला ‘इंचपट्टी’ म्हणायच्या. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. नवरा यशवंत कारखान्यात तपासणी खात्यात इंजिनिअर होता. तो लोखंडातली चूक शोधायचा, ती कापडातली. दोघांचा संसार अगदी सुखाचा चालला होता.

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात कळलं, की टाउनशिपच्या हॉस्पिटलातल्या आलेयम्मा सिस्टर निवृत्त होऊन जानेवारीअखेर कायमच्या केरळात परत जाणार. सतरा वर्षं त्यांनी बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळला होता. डॉक्टर आले आणि गेले, सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. टाउनशिपमधलं कुठलंही शाळकरी पोर धरा, त्याला पहिली आंघोळ याच बाईनं घातलेली असायची. महाराष्ट्र मंडळाच्या बायका भेटवस्तू ठरवायला बसल्या. कुणी भिंतीवरचं घड्याळ सुचवलं, कुणी चांदीची समई. मग सिस्टर ख्रिश्चन आहेत हे आठवून समई मागे पडली.

“गोधडी करू आपण,” वसुधा म्हणाली. “प्रत्येक घरातून एक तुकडा. बाळाच्या पहिल्या झबल्याचा, नाहीतर दुपट्याचा. त्यावर बाळाचं नाव भरायचं.”

“केरळात थंडी कुठे असते? पांघरणार कधी त्या?” एकीनं विचारलं.

“पांघरायला कशाला लागते गं,” कोपऱ्यातून शशिकलाकाकू म्हणाल्या. “मांडीवर घेऊन बसतील नं. बुढापा काय असाच कटतो का?”

शशिकलाकाकू ग्वाल्हेरच्या. त्यांचे यजमान बाळकृष्णराव कारखान्यात फोरमन होते. घरात मराठी बोलायच्या, पण निम्मे शब्द हिंदीतून उचललेले. थंडीच्या दिवसांत क्वार्टरपुढे बाज टाकून त्या उन्हात गोधड्या शिवत बसायच्या. टेप नाही, खडू नाही, मापाचा कागद नाही. त्यांच्या गोधडीतल्या रांगा वाटेल तशा वळत जायच्या, आणि वसुधा त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे वळवायची.

गोधडी ठरली. वसुधानं कार्बन घालून चिठ्ठ्या लिहिल्या आणि बहात्तर घरांत पोचवल्या. ‘सहा इंच चौकोन. मध्यभागी बाळाचं नाव. दहा जानेवारीपर्यंत.’ वर बैठकीत उभं राहून तिनं सगळ्यांना शब्दही दिला, की ज्या घरानं तुकडा दिला त्या घरचं बाळ गोधडीत असणार म्हणजे असणार.

तुकडे आले, आणि जेवणाच्या टेबलावर ते पसरून वसुधानं डोक्याला हात लावला. बहात्तरांतले सहा इंचांचे भरले एकोणीस. काही बायकांनी शिवणीसाठी माया धरून सात, साडेसात इंच कापले होते. काहींनी, माया वसुधाताई बघून घेतील, म्हणून अगदी काठोकाठ कापले होते. वर्षानुवर्षं धुतलेलं मऊ कापड भरतकामाच्या रिंगेत ताणून बसवलेलं, त्यामुळे कित्येक चौकोनांची पोटं पुढे आली होती.

पण खरा घोळ घातला होता तो यजमान मंडळींनी. या वसाहतीत ‘नीट मापून हवं’ असं बायकोनं म्हटलं, की ते काम घरातल्या पुरुषाकडे जायचं आणि पुरुषही ते मोठ्या मानानं अंगावर घ्यायचे. कारखान्यातून इंच केव्हाच हद्दपार झाले होते. सहा इंच म्हणजे एकशे बावन्न पूर्णांक चार मिलिमीटर. कुणी वरचे चार दशांश सोडले, कुणी सरळ दीडशे धरले, कुणी पुढे घासून कमी होईल म्हणून एकशे साठ ठेवले. एकाच्या मागच्या बाजूला तर बॉलपेननं ‘१५२, अधिक-उणे १’ असं लिहून खाली सही होती. एकानं सुताराचा गुण्या लावून अगदी काटकोन साधला होता, पण कापडाचा धागा न बघता तिरका कापल्यामुळे तो चौकोन हातात उचलला की शंकरपाळा व्हायचा.

“यात त्यांची चूक नाही,” यशवंत चहा पीत म्हणाला. “तुझ्या चिठ्ठीत टॉलरन्स नव्हतं. किती कमी-जास्त चालेल ते.”

“कापडाला टॉलरन्स?”

“आणि सहा इंच ते शिवण्याआधी की शिवल्यानंतर, तेही लिहिलं नव्हतंस. असलं ड्रॉइंग माझ्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.”

वसुधा त्याच्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच तिला जास्त लागलं होतं.

शिवणशाळेत शिकवलेला उपाय सोपा होता: सगळ्यांत लहान तुकडा शोधायचा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. पाच इंचांपर्यंत उतरायला ती तयार झाली. त्याहून लहान असे अकरा निघाले. ते तिनं अकरा पाकिटांत घातले, प्रत्येकात चिठ्ठी ठेवली, ‘माप कमी आहे. कृपया दुसरा तुकडा पाठवावा,’ आणि ज्याचं त्याला परत पाठवून दिलं. दहा घरांतून चार दिवसांत दुसरे तुकडे आले. अकरावं पाकीट घेऊन विमल स्वतःच दारात उभी राहिली.

विमल दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवरा शंकर कारखान्यात क्रेनवर होता आणि मुलगा अशोक पाचवीत. मंडळाच्या कार्यक्रमांना ती यायची, मागच्या रांगेत बसायची आणि संपल्यावर खुर्च्या उचलू लागायची. यापलीकडे वसुधाला तिची काही माहिती नव्हती.

“वहिनी, दुसरा नाहीये,” पाकीट दोन्ही हातांत धरून विमल म्हणाली. “मोठा नाही होणार तो.”

वसुधानं तुकडा बाहेर काढला. फिकट पिवळा, जुन्या लुगड्याचा, तीन इंचांचा जेमतेम. “यावर नाव पण नाही घातलंत तुम्ही.”

“ठेवलंच नव्हतं. नऊ दिवसांची होती. बारशाला तीन दिवस राहिले होते.”

वसुधाला कुठे बघावं कळेना. पाकिटातली स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी तिला दिसत होती. माप कमी आहे. तिला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

“आत या ना,” ती कशीबशी म्हणाली. विमल आली, खुर्चीच्या कडेवर बसली.

“सातव्या महिन्यातच झाली होती. घरी आणलीच नाही तिला,” विमल सांगू लागली. तिचा आवाज अगदी साधा होता. “दुपटं तिच्याबरोबर दिलं. एवढं कोपऱ्याचं आईनं त्याआधी कापून ठेवलं होतं, म्हणून राहिलं.”

“तुमच्या अशोकचं झबलं असेल ना एखादं?” वसुधानं विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

“आहे ना. पण अशोक सिस्टरना रोज दिसतो, सायकलवरून जाताना. हाका मारतात त्या त्याला.” विमलनं पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “हिला हातात घेतलेल्या आम्ही दोघीच. मी आणि सिस्टर. यांनी काचेतूनच पाहिली. आता बारा वर्षं झाली, सिस्टरना आठवत असेल असं नाही. हजारो बाळं झाली असतील त्यांच्या हातून. पण या सगळ्यांत ती पण असावी, एवढंच वाटलं मला. नसेल बसत तर राहू द्या, वहिनी. मी वाईट नाही वाटून घेणार.”

“बसेल,” वसुधा म्हणाली. कसा बसेल याची तिला काडीची कल्पना नव्हती.

पुढचे दोन दिवस तिनं नाना खटपटी केल्या. सगळे तीन इंचांवर आणावेत, तर अनिरुद्धचा नुसता निरु उरत होता आणि भाग्यश्रीचं तर काहीच उरत नव्हतं. तो एकच तुकडा पाच इंचांच्या रांगेत लावावा, तर तिथे भोक राहत होतं. कोपऱ्यात टाचावा, तर नंतर कुणीतरी ठिगळ लावल्यासारखा दिसत होता. कार्यक्रमाला अकरा दिवस उरले, आणि कार्यक्रम पुढे ढकलता येणार नव्हता. सिस्टरांचं गाडीचं आरक्षण झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वसुधानं सगळे तुकडे उशीच्या अभ्र्यात भरले आणि मान वळवून ज्या रस्त्यानं जायची त्याच रस्त्यानं ती शशिकलाकाकूंच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली.

काकूंनी अभ्रा बाजेवर उलटा केला. वसुधानं सगळी हकिगत सांगितली, विमलची सुद्धा. काकूंनी ती पुरी ऐकली. मग म्हणाल्या, “यात सगळ्यात मोठा कोणता आहे?”

“लहान कोणता ते विचारा, काकू. अडचण लहानाची आहे.”

“लहानाची काही अडचण नाही. तू सगळ्यांना छाटून त्याच्याइतकं करायला बघतेस, म्हणून परेशान होतेस. मोठा दे मला.”

सगळ्यांत मोठा साडेसात इंचांचा होता. काकूंनी तो हातात घेतला, चौघडी केली, घडीवरून अंगठ्याचं नख ओढलं आणि उघडला. कापडावर बारीकशी फुली उमटली होती. दुसरा घेतला, त्याचंही तेच. वाकड्या तुकड्याची त्यांनी कड पाहिलीच नाही. काठातला एक धागा सोडवून हलकेच ओढला, तो गेला त्या रेषेवर घडी घातली, आणि तो शंकरपाळा सरळ झाला. पोट आलेल्या चौकोनावर ओला हात फिरवला, थापटला, उन्हात ठेवला. दहा मिनिटांत तो सपाट.

“कड नको बघू,” काकू म्हणाल्या. “कड ज्यानं कापली त्याची. बीच कुठे आहे ते बघ. आता मला मांजरपाटाचे पांढरे चौकोन पाहिजेत, नऊ इंची, बहात्तर. त्यांच्यावर पण अशीच फुली पाडायची. फुलीवर फुली ठेवायची, कडा आत घ्यायच्या, बारीक टाक्यानं बसवून टाकायचं. मग कोणी लहान असो, मोठं असो, ज्याच्या-त्याच्या घराच्या मधोमध बसेल. शिवायचे ते पांढरे एकमेकांना.”

वसुधा बघतच राहिली. शिवणशाळेची दोन वर्षं, पहिला नंबर, भिंतीवरचं प्रमाणपत्र, आणि हे तिला कधी सुचलं नसतं. तिनं आयुष्यभर कापडाच्या कडाच मोजल्या होत्या.

“पण पांढरे सारखे पाहिजेत हां,” काकू पुढे म्हणाल्या. “सूतभर पण फरक नको. ते माझ्याच्यानं नाही होणार. ते तू काप.”

वसुधा त्याच दुपारी बसनं जुन्या शहरात जाऊन चौकातल्या बाजारातून मांजरपाट घेऊन आली. धुतला, आटवला, इस्त्री केली आणि बहात्तर चौकोन कापले. काकूंनी ते एकावर एक रचून ढिगाच्या चारी बाजूंनी अंगठा फिरवला. कुठेही अडकला नाही. “वा, वसुधा!” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत असा हात नाही पाहिला मी.” प्रमाणपत्र मिळालं तेव्हा वसुधा इतकी फुलली नव्हती.

मग आठवडाभर काकूंच्या अंगणात बायकांची रीघ लागली. काकू नेमून देत, बघत, उसवायला लावत, आणि उसवताना एकीलाही वाईट वाटणार नाही असं काहीतरी गमतीचं बोलत. वसुधाचे हात शिवत होते आणि डोळे काकूंच्या बोटांवर होते. किती घ्यायचं, किती सोडायचं, हे त्या बोटांना जन्मजात ठाऊक असल्यासारखं दिसायचं. पण ते जन्मजात नव्हतं. ग्वाल्हेरला घरात अकरा माणसं आणि कापड कायम अपुरं, तेव्हा येईल तो तुकडा, येईल त्या मापाचा, बसवायचा. एकही टाकायचा नाही. चाळीस वर्षांच्या त्या सवयीला आपण ढिसाळपणा समजत होतो, हे वसुधानं मनाशी कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या तोंडावरही सांगून टाकलं. काकू हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, माझ्या लाइनी वाकड्याच असतात. तू काही गलत नव्हती समजत.”

विमलचा तुकडा काकूंनी शेवटी घेतला. आधी हात धुऊन आल्या. बाकीच्यांच्या कडा पाव इंच आत दुमडल्या होत्या. याला दुमडलं असतं तर चारी बाजूंनी तेवढं कमी होऊन जेमतेम अडीच इंच उरलं असतं. काकूंनी तो बराच वेळ नुसता तळहातावर धरला.

“हा नाही दुमडायचा,” त्या म्हणाल्या. “याचा एक धागा पण आत नाही घालायचा.”

त्यांनी पिवळा रेशमी दोरा घेतला, त्याचा एक पदर सोडवला, आणि उघड्या कडेवर काजाचा टाका घालायला सुरुवात केली. टाक्याला टाका लागून, मध्ये सुईचं टोक मावणार नाही इतका दाट. कापड इतकं विरलेलं, की दोरा जरा ओढला गेला असता तर फाटलं असतं. बायका एकेक करून आपलं काम थांबवून बघायला लागल्या. तासाभरानं चौथी बाजू संपली. कुठे सुरकुती नव्हती, कुठे ताण नव्हता, आणि सबंध तुकडा, होता तेवढाच्या तेवढा, नऊ इंचांच्या पांढऱ्याच्या बरोबर मधोमध बसला होता.

“काकू, मला हे येत नाही,” वसुधा म्हणाली. “शिकवाल?”

“तुला नाही शिकवणार तर कोणाला?” काकू म्हणाल्या, आणि आखडलेली बोटं मोडून घेतली.

एकोणतीस जानेवारीला दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर गोधडी पसरली. आठ तुकड्यांच्या नऊ रांगा. पांढऱ्याच्या रेघा अशा सरळ, की यशवंतनंही टेबलाशी वाकून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर टाकली आणि मान डोलावली. त्या सरळ रेघांच्या आत मोठे, लहान, आडवे, उभे, सगळे आपापल्या जागी होते. विमल मागच्या रांगेत बसली होती.

आलेयम्मा सिस्टर आल्या. भाषण नको म्हणाल्या. चष्मा लावून टेबलाभोवती फिरू लागल्या आणि एकेका नावावर बोट ठेवून हिंदीत सांगत गेल्या. हा पायाळू होता. ही रडलीच नाही, मी दोन चापट्या मारल्या तेव्हा रडली. याच्या आईनं मला इतक्या शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी लाडू पाठवला. हॉलमध्ये हशा उसळत होता. मोठी झालेली मुलं लाजून एकमेकांच्या मागे लपत होती. सिस्टर सातव्या रांगेपर्यंत आल्या आणि थांबल्या.

त्या पिवळ्या तुकड्यावर नाव नव्हतं. सिस्टरांचं बोट त्याच्यावरून एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं. विमलकडे बघायचं वसुधाला धाडस होईना. काहीतरी सांगून सावरून घ्यावं म्हणून ती पुढे झाली, तोच काकूंनी तिचं मनगट धरलं.

“कुणी बोलू नका,” सिस्टर हिंदीत म्हणाल्या. “थांबा जरा.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कापड डोळ्यांजवळ नेलं. मग मान वर करून त्या रांगांमधून शोधू लागल्या. पहिली रांग, दुसरी, थेट शेवटची.

“विमल,” त्या म्हणाल्या. “ही तुझी मुलगी. एक किलो शंभर ग्रॅम. डोक्यावर एवढे केस होते. नऊ दिवस माझ्याजवळ होती.”

विमल उभी राहिली होती.

“पण इथे नाव का नाही लिहिलं?” सिस्टरांनी विचारलं.

“ठेवलं नव्हतं, सिस्टर,” विमल कशीबशी म्हणाली.

“मी ठेवलं होतं ना. बिनानावाच्या बाळाशी बोलणार कशी? दूध पाजताना, पुसताना, रोज बोलायचे मी तिच्याशी. मीनू म्हणायचे. तुला सांगायला पाहिजे होतं मी. त्या वेळी सांगवलं नाही.”

“मीनू,” विमल म्हणाली. मग पुन्हा एकदा, आपल्याशीच, “मीनू.”

विमल रांगांमधून वाट काढत पुढे आली. वसुधा रडत होती, आणि ती एकटीच रडत होती असंही नाही. शशिकलाकाकूंनी पदरात खोचलेली सुई काढली, तिच्यात दोरा ओवला आणि विमलच्या हातात दिली. पिवळ्या तुकड्याभोवती नाव भरायला पांढरं कापड भरपूर होतं, सगळ्या गोधडीत सर्वांत जास्त. पण टेबलावर सैल पसरलेल्या कापडावर विमलच्या सुईचं टोक ठरेना. तेव्हा आलेयम्मा सिस्टरनी तो चौकोन दोन्ही हातांनी ताणून तिच्यासमोर धरला, आणि विमलनं पहिला टाका घातला.